दूध कोण सोडते आणि कशासाठी?

जैन घरात मांसाहाराचा प्रश्न उद्भवत नाही. त्यामुळे आहारातील अहिंसेची चर्चा सहसा कंदमूळ, रात्रिभोजन आणि अभक्ष्याचे नियम एवढ्यापुरती होते. गेल्या काही वर्षांत मात्र नव्या पिढीने एक निराळाच प्रश्न जेवणाच्या पाटावर आणून ठेवला आहे. दूध, दही, तूप, पनीर, मध, रेशीम, चामडे यांपैकी प्राण्यापासून मिळालेली कोणतीही वस्तू न वापरण्याच्या जीवनपद्धतीला ‘व्हीगन’ असे नाव आहे. नाशिकरोडसारख्या गावात, जेथे बिटको चौकापासून देवळाली कॅम्पपर्यंत जैन व्यापाऱ्यांची दुकाने आहेत, तेथील मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूरला जातात आणि सुटीत घरी येताना हा विचार बरोबर आणतात. सकाळच्या चहालाच त्याची पहिली ठिणगी पडते.

या संदर्भात एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. निर्णय एकच असतो, पण तो कोणी घेतला यावर घरचा प्रतिसाद ठरतो. मुलगा म्हणाला, “मम्मी, मी दूध बंद केलंय, जिमच्या सरांनी सांगितलंय,” तर दुसऱ्या दिवशी बदाम भिजत पडतात. तेच मुलगी म्हणाली, “मम्मी, वासराच्या वाट्याचं दूध आपण कशाला प्यायचं?” तर उत्तर येते, “अगं, सासरी गेल्यावर काय करशील? तिथे कोण तुझे हे लाड पुरवणार?” मुलाच्या कारणाला शिस्त म्हणतात, मुलीच्या कारणाला हट्ट. वास्तविक जैन दृष्टीने पाहिले तर दुसरे कारण पहिल्यापेक्षा अधिक जवळचे वाटायला हवे. तसे होत नाही, आणि ते का होत नाही हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील स्त्री-पुरुषांना आहाराविषयी विचारले गेले. मासे, कोंबडी वा मांस कधीही न खाणाऱ्या स्त्रिया २९.४ टक्के निघाल्या, तर पुरुष १६.६ टक्के. आधीच्या फेरीत हेच प्रमाण स्त्रियांत २९.९ आणि पुरुषांत २१.६ टक्के होते. याचा अर्थ स्त्रियांचे प्रमाण जवळपास होते तेथेच राहिले आणि पुरुष मात्र पाच वर्षांत पाच टक्क्यांनी सरकले. एकाच छताखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या माणसांतील हा फरक आहे. घराबाहेर खाण्याची मुभा आणि पैसा पुरुषाच्या हाती अधिक, आणि घराचा सोवळेपणा सांभाळण्याची जबाबदारी बाईवर, हे त्याचे एक सरळ कारण म्हणता येईल.

युरोप-अमेरिकेतील पाहण्यांतही शाकाहारी आणि व्हीगन मंडळींत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असल्याचे वारंवार आढळले आहे. कारणांतही भेद दिसतो. प्राण्यांचे हाल सोसवत नाहीत हे कारण स्त्रिया अधिक सांगतात, तर पुरुषांच्या बोलण्यात प्रकृती, वजन, ताकद हे शब्द अधिक येतात. कॅरल अॅडम्स या अमेरिकन लेखिकेने १९९० साली ‘द सेक्शुअल पॉलिटिक्स ऑफ मीट’ या ग्रंथात मांस आणि मर्दानगी यांची जोडणी समाजाने कशी करून ठेवली आहे, हे विस्ताराने मांडले. ही जोडणी इतकी पक्की, की पुरुषांनी मांस-दूध सोडावे म्हणून २०१८ साली ‘द गेम चेंजर्स’ हा माहितीपट निघाला, तेव्हा त्यातही पहिलवान, धावपटू आणि लढवय्येच पुढे करावे लागले. पुरुषाला दया वाटली तरी ती ताकदीच्या वेष्टनात बांधून द्यावी लागते.

मूळ शब्दाचा जन्म १९४४ च्या नोव्हेंबर महिन्यातील. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन, डोरोथी मॉर्गन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी शाकाहारातून दूध-अंडीही वगळणाऱ्यांची वेगळी संस्था काढली आणि ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची आद्य व अंत्य अक्षरे घेऊन ‘व्हीगन’ हे नाव घडविले. आपल्याकडे प्राण्यांच्या बाजूने संस्थात्मक काम उभे करणाऱ्यांत स्त्रियांची नावे ठळक आहेत. राज्यसभेच्या सदस्य असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राणिक्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले, त्याची परिणती १९६० च्या कायद्यात झाली. पुण्यात १९७४ साली डायना रत्नागर यांच्या पुढाकाराने ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ची भारतीय शाखा उभी राहिली. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खामागे बैलाचे आतडे असते, ही गोष्ट अनेक जैन घरांना कळली ती अशा संस्थांच्या प्रचारामुळेच. मुंबईच्या डॉ. नंदिता शाह यांनी २००५ मध्ये ‘शरण’ ही संस्था स्थापून वनस्पतिजन्य आहाराचा प्रचार मधुमेह, रक्तदाब अशा आजारांच्या अंगाने केला. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला आहे. आणि २०२२ पासून तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियमावली आणि हिरवे बोधचिन्ह लागू केले आहे. किराणा दुकानदाराच्या फळीवर हे चिन्ह आता दिसू लागले आहे.

स्त्रिया त्यागात पुढे, ही बाब जैन परंपरेला नवी नाही. कल्पसूत्रातील नोंदीनुसार भगवान महावीरांच्या संघात १४,००० साधू आणि चंदनबालेच्या नेतृत्वाखाली ३६,००० साध्वी होत्या. श्रावक १,५९,००० आणि श्राविका ३,१८,०००. म्हणजे चतुर्विध संघाच्या दोन्ही पायऱ्यांवर स्त्रियांची संख्या दुप्पट किंवा त्याहून अधिक. आजही चैत्र आणि आश्विन महिन्यांतील आयंबिल ओळीच्या वेळी आयंबिलशाळेत डोकावले, तर बहुतेक पाट स्त्रियांनी भरलेले दिसतात. आणि आयंबिलात काय वर्ज्य असते? दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर. ज्या जेवणाला आज व्हीगन म्हणतात, त्याहूनही कडक जेवण आजी-पणजी नऊ-नऊ दिवस करीत आल्या आहेत. विगय सोडण्याची कल्पना जैन घराला शिकवावी लागत नाही.

फरक आहे तो कारणाचा. विगयत्यागामागे मुख्य विचार रसनेवर विजय मिळवण्याचा, कर्मनिर्जरेचा. दूध सोडायचे ते ते विकारवर्धक म्हणून. गाईचे काय होते हा प्रश्न तेथे अग्रभागी नाही. व्हीगन विचार नेमका तो प्रश्न पुढे आणतो. शिवाय स्त्रीच्या व्रताला आणखी एक कारण चिकटवले जाते. व्हिटनी केल्टिंग या अमेरिकन अभ्यासिकेने पुण्यातील जैन श्राविकांचा दीर्घकाळ अभ्यास करून लिहिलेल्या ‘हिरोइक वाइव्ह्‌ज’ या २००९ सालच्या पुस्तकात दाखविले आहे, की विवाहितेच्या व्रतकथांत पतीचे आरोग्य आणि घराचे कल्याण हा धागा किती घट्ट विणलेला असतो. पुरुषाचे पुण्य दानाच्या पाटीवर कोरले जाते, स्त्रीचे पुण्य उपवासात जमा होते, आणि दोन्हींची बेरीज घराण्याच्या अब्रूच्या खात्यावर मांडली जाते. सून अठ्ठाई करते तेव्हा सत्कार साऱ्या घराचा होतो. तीच सून कारण सांगून रोजच्या चहातील दूध सोडते तेव्हा मात्र सत्कार होत नाही. एका त्यागाला परंपरेची संमती आहे, दुसरा तिने स्वतः विचार करून केलेला आहे.

नेमिनाथ आणि राजीमती यांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिकुमारांनी रथ मागे वळवला. मांडवात उभी असलेली राजीमती पुढे साध्वी झाली. गिरनारकडे निघालेल्या नेमिनाथांच्या मागोमाग जाणारी पतिव्रता, अशीच तिची प्रतिमा गाण्यांतून रुजली. तथापि उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनातील राजीमती नुसती मागे जाणारी नाही. गुहेत रथनेमीचे मन चळले असता त्याला कठोर शब्दांत भानावर आणणारी, संयमाचा अर्थ त्याच्याहून अधिक जाणणारी ती साध्वी आहे. नेमिनाथांचे कारण सर्वांना पाठ आहे. राजीमतीचे स्वतःचे कारण काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

आधुनिक काळातील असेच एक उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. दूध विकार वाढवते हे त्यांनी प्रथम श्रीमद् राजचंद्रांकडून ऐकले. पुढे गाई-म्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी होणाऱ्या क्रूर प्रकारांची माहिती वाचनात आली, आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. १९१८ साली खेडा जिल्ह्यातील कामानंतर ते मरणाच्या दारी पोहोचले. मुंबईच्या डॉक्टर दलालांनी दुधाशिवाय प्रकृती सावरणार नाही असे सांगितले. व्रत आडवे आले तेव्हा वाट काढली कस्तुरबांनी. व्रत घेताना गाय आणि म्हैस मनात होती, मग शेळीच्या दुधाला हरकत कसली, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधीजींनी तो मानला, पण व्रताचे अक्षर राखून आत्मा गमावला ही टोचणी त्यांना कायम राहिली. येथे पुरुषाचे कारण तत्त्वाचे आणि स्त्रीचे जीव वाचवण्याचे, असे वाटेल. पण त्याच कस्तुरबा दक्षिण आफ्रिकेत शस्त्रक्रियेनंतर अतिशय अशक्त झाल्या असताना डॉक्टरांनी गोमांसाचा रस देण्याचे सुचवले, तेव्हा त्यांनी तो ठाम नाकारला. स्वतःच्या बाबतीत मरण पत्करून तत्त्व, आणि नवऱ्याच्या बाबतीत तत्त्वाला मुरड घालून जीव. घरोघरच्या स्त्रिया आजही हाच दुहेरी हिशेब मांडतात.

म्हणून स्त्रियांचे मन हळवे आणि पुरुषांचे व्यवहारी, असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. अमेरिकेतील जैन महासंघाच्या शिक्षण समितीचे प्रवीण शाह यांनी १९९५ साली व्हर्माँट राज्यातील एका दुग्धशाळेला भेट दिली, तेथील गाई-वासरांची स्थिती पाहिली आणि दुग्धजन्य पदार्थ सोडले. नंतर प्रमोदाबेन चित्रभानू यांच्यासमवेत त्यांनी ‘द बुक ऑफ कम्पॅशन’ हे पुस्तक सिद्ध केले, ते अनेक जैन घरांत पोहोचले आहे. पुरुषाला करुणा वाटत नाही असे नाही. ती उघड बोलून दाखवायची सवय त्याला लावलेली नसते, इतकेच. तसेच आपला मधुमेह आटोक्यात राहावा म्हणून दूध-तूप सोडणारी गृहिणीही असते, परंतु स्वतःच्या प्रकृतीचे कारण पुढे करणे तिला संकोचाचे वाटते.

आता दुधाकडे वळू. येथे लिंगभेद केवळ खाणाऱ्यात नाही, गोठ्यातही आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील सुमारे १९ कोटींच्या गोवंशात माद्या साडेचौदा कोटी निघाल्या. गाईंची संख्या सात वर्षांत १८ टक्क्यांनी वाढली आणि नर मात्र झपाट्याने घटले. सुमारे ११ कोटी म्हशींच्या कळपात रेडे एक कोटीच्या आसपासच उरले आहेत. निसर्गात नर-मादी साधारण सारखेच जन्मतात. मग नर गेले कुठे? ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे काम संपले. गोऱ्ह्याला आणि रेडकाला दुधाच्या धंद्यात किंमत नाही, म्हणून त्यांच्या पोटी दूध घालणे परवडत नाही. आता तर कालवडच जन्मावी यासाठी लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा सरकारी योजनेतून मिळतात, आणि त्यांतून सुमारे ९० टक्के माद्या होतात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ साली महाराष्ट्राने केला. माणसांत मुलगी नको आणि गोठ्यात मुलगीच हवी, या दोन्ही मागण्यांमागे हिशेब एकच आहे: ज्याच्यापासून उत्पन्न, त्यालाच जन्माचा अधिकार. ज्या मुलीने हा हिशेब ओळखला, तिला गाईविषयी अधिक वाटले तर नवल नाही. वारंवार गर्भ, वारंवार ताटातूट आणि दूध आटल्यावर भाकड हा शिक्का, हे मादी देहाचेच भोग आहेत.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायद्याने वाचलेल्या जनावराला पोसायचे कोणी, हा प्रश्न उरतो आणि तो पांजरपोळांच्या दाराशी येऊन थांबतो. नाशिकच्या पांजरपोळेला जैन व्यापाऱ्यांचा हात सढळ असतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण हिशेबी माणसाने एकदा दोन्ही पाने समोरासमोर ठेवून पाहावीत. एका पानावर भाकड गाईसाठी दिलेले दान आहे. दुसऱ्या पानावर घरातील रोजच्या दुधाचे, लग्नातील पनीरचे, पर्युषणानंतरच्या पारण्यातील मिठाईचे बिल आहे. पहिल्या पानावरची गाय दुसऱ्या पानावरूनच आलेली असते.

याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. सिन्नर, निफाडच्या वस्त्यांवर एक-दोन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांत शेण काढणे, वैरण घालणे, धार काढणे ही कामे बहुतांशी बाई करते. द्राक्ष-कांद्याचा भाव पडला की घरखर्च दुधावर चालतो. जिच्या हाती वर्षभर दुसरा पैसा येत नाही, तिच्यासाठी दुधाचे बिल हाच पगार असतो. भारतात २०२३-२४ साली सुमारे २३.९ कोटी टन दूध निघाले, यामागे अशा लाखो स्त्रियांचे कष्ट आहेत. त्यामुळे दूध सोडणाऱ्या शहरी मुलीने धार काढणाऱ्या बाईला दोषी ठरवणे अहिंसेत बसत नाही. अहिंसेचा पहिला नियम वाणीचा आहे.

घरातील प्रश्न आणखी निकडीचा आहे. कोणीही दूध सोडले तरी काम वाढते ते स्वयंपाक करणारीचे. नवऱ्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध बंद केले की बदाम-काजू वाटणे, शेंगदाण्याच्या दुधाला विरजण लावणे, दोन पातेल्यांत दोन खिरी करणे हे सारे पत्नीच्या वाट्याला येते. व्रत त्याचे, श्रम तिचे. मात्र तिने स्वतः दूध सोडले तर इतरांसाठी कढी, श्रीखंड, बासुंदी करायची आणि आपण वरण-भात खाऊन उठायचे, अशी वाटणी होते. तिचा आहार मोजायला कोणी बसत नाही.

आणि तो मोजला जायला हवा. याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. कंदमुळे आणि अंडी वर्ज्य असलेल्या शाकाहारी स्त्रीला ते मिळते ते केवळ दूध-दह्यातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक मातांत ब-१२ कमी होते. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे दिसली, असा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रश्न एका बाईच्या पेल्याचा नाही, पुढच्या पिढीच्या देहाचा आहे. सुदैवाने उपाय अवघड नाही. ब-१२ कारखान्यात सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार होते, त्याच्या स्वस्त गोळ्या मिळतात. जिलेटिनची कॅप्सूल टाळून गोळी मागितली की धर्मसंकटही उरत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कडधान्ये, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या यांची जोड देऊन, वर्षातून एकदा रक्ततपासणी करून दूध सोडणे शक्य आहे. विशेषतः गर्भारपणात आणि बाळाला अंगावर पाजत असताना वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते करू नये. नुसत्या निश्चयावर दूध सोडणे मात्र धोक्याचे, आणि हा धोका पुरुषापेक्षा स्त्रीला अधिक आहे.

यातून कुटुंबापुढे काही साध्या गोष्टी येतात. मुलीने दूध सोडले तर सासरचा धाक दाखवण्याऐवजी तिला कारण विचारावे आणि पूर्ण ऐकून घ्यावे. विवाह जुळवताना मुलाचा व्यवसाय, राहणीमान विचारले जाते, तसा आहाराचा नियमही दोन्ही बाजूंनी आधीच मोकळेपणाने सांगावा. तो लपवून ठेवण्याजोगा दोष नाही. ज्याने नियम घेतला त्याने त्याच्या स्वयंपाकाचा वाटा उचलावा, मग तो मुलगा असो की जावई. जेवणाच्या टेबलावर एकाने नियम केला म्हणून दुसऱ्याला पापी ठरवू नये, आणि दुसऱ्याने त्याची थट्टा करू नये. अनेकांतवाद व्याख्यानात सांगणे सोपे असते, त्याची परीक्षा सकाळच्या चहाला होते.

येत्या चातुर्मासात अनेक घरांत पच्चक्खाण घेतले जातील. कोणी महिनाभर तूप सोडेल, कोणी एकासने करील, कोणी कदाचित दूध कायमचे सोडील. त्या प्रत्येक वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी एवढेच पाहावे, की त्यागाचे कारण त्यागणाऱ्याचे स्वतःचे आहे ना, आणि तो त्याग निभावताना तिची वा त्याची प्रकृती सुरक्षित आहे ना. एवढे पाहिले, तर दूध प्यायचे की नाही याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या विवेकाने करावा.